सातवी गाडी संपेपर्यंत

आमच्या घरात वर्षं गाड्यांवरून मोजली जातात. आई गेली तेव्हा तिसरी होती. ताईचं लग्न चौथीच्या कारकिर्दीत झालं आणि मला दातांच्या लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा पाचवी नुकतीच आली होती. कुणी वय विचारलं तर मला आधी गाडी आठवते आणि मग त्रेचाळीस हा आकडा.

बाबांचा नियम साधा आहे. जिचा मालक ती दारातून कधी एकदा जाते म्हणून वाट बघतोय अशी गाडी घ्यायची, आणि ती रस्त्यात बसकण मारून पुन्हा उठणार नाही तोवर चालवायची. मधेच विकायची नाही, बदलायची नाही. शेवटी आपण स्वतः जाऊन तिला भंगारात पोचवायचं. "नव्या गाडीवर पहिला ओरखडा पडला की माणूस आठवडाभर जेवत नाही," बाबा म्हणतात. "माझ्या गाडीचे सगळे ओरखडे आधीच्या मालकाने उरकलेले असतात." यावर लोक हसतात. मीही हसायचे. चौथीचा हॉर्न डावीकडे वळतानाच वाजायचा, पाचवीचा वायपर शेजारी बसणाऱ्याने दोरीने ओढायचा असे, आणि हे सगळं मी लॅबमध्ये रंगवून सांगायचे.

सातवी आली तेव्हा रंगवून सांगायचा उत्साह संपला होता. तिच्या इंजिनाला रोज सकाळी दीड लिटर पाणी पाजावं लागे, कारण रेडिएटर कुठूनतरी गळत होता आणि कुठून ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते काम माझं. चालकाच्या बाजूची काच खाली घसरत होती म्हणून बाबांनी लाकडी पाचर मारून ती कायमची वर बसवली. आणि चालकाचं दार आतून उघडत नव्हतं.

गाडी मी चालवते. बाबांना काचबिंदू आहे, त्यांनी सहाव्या गाडीपासून स्टिअरिंग सोडलं. त्यामुळे सातवीत पद्धत अशी पडली की मी गाडी लावायची, किल्ली काढायची, हात मांडीवर ठेवून बसायचं; बाबा त्यांच्या बाजूने उतरणार, बॉनेटवर हात टेकत टेकत फेरी मारून येणार आणि बाहेरून माझं दार उघडणार. मधल्या जागेतून पलीकडे सरकावं म्हटलं तर हँडब्रेक आणि बाबांची हत्यारांची पेटी. एकदा प्रयत्न केला, कुर्ता मांडीपर्यंत फाटला. एकदा एकटीच बाजारात गेले आणि काचेतून एका गृहस्थांना दार उघडा म्हणून खूण केली. त्यांनी हसून मला हात केला आणि ते निघून गेले. त्यानंतर मी एकटी कुठे गेले नाही.

म्हणून बाबा रोज सकाळी माझ्याबरोबर लॅबपर्यंत येत, मला बाहेर काढत, आणि दिवसभर शेजारच्या इमारतीत त्यांच्या जुन्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बसत. संध्याकाळी परत बरोबर. घरी आलं की पुन्हा तेच, बॉनेटवरून हात फिरवत फेरी आणि दार.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. छत्तीस वर्षं त्यांनी अडकलेल्या लोकांना बाहेर काढलं. लहानपणी जेवताना आम्हा दोघी बहिणींना ते शिकवत, की लिफ्ट अडकली तर बटणं बडवायची नाहीत, दार आतून ओढायचं नाही. ओढलं की यंत्रणा बिघडते आणि सोडवणाऱ्याचं काम वाढतं. शांत बसायचं. बाहेरचा माणूस येतो. सातवीच्या दाराबद्दलही त्यांनी पहिल्याच दिवशी हेच सांगितलं. "आतल्या हँडलला हात लावू नकोस ठकू. आहे ती तारही तुटेल, मग बाहेरूनही उघडायचं नाही." मी लावला नाही. सहा वर्षं.

आता खरं सांगायचं तर मला दार नको झालं होतं असं नाही. मला सगळंच नको झालं होतं. आमच्या घरातला प्रत्येक निर्णय गाडीच्या मरणावर टांगलेला असायचा. घराला रंग द्यायचा? ही संपू दे, मग बघू. स्वयंपाकघरातला ओटा बदलायचा? ही संपली की. एकदा एक भला माणूस माझ्याशी लग्न करायला तयार होता, त्याला मी स्वतःच सांगितलं होतं की सहावी संपेपर्यंत थांब. माझ्याही तोंडात तेच बसलं होतं. तो चौदा महिने थांबला. सहावी गेली त्या दिवशी बाबांनी भंगाराच्या आवारातूनच सातवी आणली आणि तो माणूस नंतर फिरकला नाही. मला त्याचा राग आला नाही, हीच वाईट गोष्ट आहे.

दोन वर्षांपूर्वी मी मनाचा हिय्या करून बाबांना म्हटलं, "सातवी संपली की मी दुसरीकडे कुठेतरी काम बघणार. आठवी घ्यायची नाही."

"चालेल," बाबा म्हणाले. "संपू दे तिला."

त्यानंतर सातवीची तब्येत अशी काही सुधारली की बघत राहावं. बाबा रोज संध्याकाळी तिच्याजवळ जायचे. डोळ्यांना दिसत नसलं तरी लिफ्टवाल्याचे हात, अंधाऱ्या खड्ड्यात चाचपून काम करायची सवय. पट्टे बदलले, ब्रेक घट्ट केले, सायलेन्सरला डब्याचा पत्रा गुंडाळला. गाडी गुरगुरत चालायची आणि मी आत बसून तिच्या मरणाची वाट बघायचे.

मग एका सोमवारी, आमच्या लॅबला सुट्टी असताना, मॅडम घरी आल्या. दोन तासांच्या अंतरावरच्या गावात त्यांची दातांची मोठी लॅब आहे. माझ्या कवळ्या त्यांनी कुठल्याशा डॉक्टरकडे पाहिल्या होत्या. मी कवळ्या करते. मेणात एकेक दात बसवायचा, साचा घ्यायचा, घासायचा, पॉलिश करायचं. माणूस बोलताना दात खोटे आहेत असं वाटता कामा नये एवढंच बघायचं. बाबांची कवळीही मीच केली आहे. ते सगळ्यांना सांगतात, "माझे दात हिने केलेत, हिच्याविरुद्ध बोलायची सोय नाही." मॅडमना लॅबची प्रमुख हवी होती. वर राहायला दोन खोल्या. "एकदा बघून तर जा," म्हणाल्या आणि मला स्वतःच्या गाडीतून घेऊन गेल्या. संध्याकाळी कुणाबरोबर तरी परत पाठवते म्हणाल्या.

त्यांची गाडी नवी होती. आम्ही पोचलो, मॅडमचा फोन वाजला, त्या बोलत बोलत उतरल्या आणि आत गेल्या. मी किती वेळ बसले होते ते मला माहीत आहे, कारण समोर घड्याळ होतं. बारा मिनिटं. हात मांडीवर. आवारातला माळी दोनदा माझ्याकडे बघून गेला. तिसऱ्यांदा तो झारी खाली ठेवून उभाच राहिला. मला काहीच चुकीचं वाटत नव्हतं. मला वाटत होतं, येतीलच आता.

मॅडम धावत परत आल्या. काचेवर टकटक केली. "बरं वाटत नाहीये का?"

"नाही, दार..." मी म्हटलं.

"लॉक झालंय? नाही हो, उघडंच आहे."

मी हँडल ओढलं. ते इतकं सहज उघडलं की मी जवळजवळ बाहेर पडले. मॅडम भलेपणाने हसल्या, मीही हसले, आणि त्यांनी मला लॅब दाखवली. बारा टेबलं, मोठ्या खिडक्या, प्रत्येक टेबलावर वेगळा दिवा. मी सगळ्याला छान छान म्हणत होते आणि माझे कान तापले होते. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. चोरी करताना पकडलं असतं तरी मी इतकी खाली बघत चालले नसते.

"शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत सांगा," निघताना मॅडम म्हणाल्या. "नंतर मला दुसऱ्यांना हो म्हणावं लागेल."

रात्रीचं जेवण होईपर्यंत मी थांबले नाही. घरात पाऊल टाकल्या टाकल्या बाबांना सांगितलं. ते खुर्चीत बसून जुन्या फडक्याने हत्यारांच्या पेटीतले पाने पुसत होते, आकाराने लावून ठेवत होते.

"चांगली जागा दिसते," ते म्हणाले.

"शुक्रवारपर्यंत सांगायचंय, बाबा."

"मग सांग की. आपलं ठरलंय ना? सातवी संपली की तू मोकळी. शब्द म्हणजे शब्द."

"सातवी शुक्रवारपर्यंत कशी संपेल?"

"ते काय आपल्या हातात असतं का," बाबा म्हणाले आणि त्यांनी पुढचा पाना उचलला.

बुधवारी सकाळी मी पाण्याची बाटली भरली, खाली गेले, बॉनेट उघडलं, आणि बाटली जिन्याखालच्या कुंड्यांत ओतली. गुरुवारी बाटली भरलीही नाही. नुसतं बॉनेट उघडून आपटलं, आवाज वर जावा म्हणून.

गुरुवारी संध्याकाळी परतताना पुलाच्या चढावर वास आला. गरम लोखंडाचा, करपल्याचा. तापमानाचा काटा कधीच मेला होता, तो शून्यावर शांत पडून होता. बाबांनी नाक वर केलं.

"थांब ठकू. बाजूला घे."

"पुढे घेते, इथे जागा नाही."

जागा होती. मी डोळ्यांनी बघत होते, चांगली दोन गाड्यांची जागा होती. मी ॲक्सिलरेटर दाबून धरला. बॉनेटच्या कडेने वाफ यायला लागली, मग इंजिनाच्या आत कुणी हातोडा मारतंय असा आवाज आला, आणि पूल उतरता उतरता सातवी गप्प झाली. चाकं थोडी गडगडली आणि आम्ही कठड्याजवळ थांबलो.

 बाबा उतरले, आणि नेहमीप्रमाणे बॉनेटला हात टेकायला गेले. हात भाजला. तसाच झटकून, या वेळी कठड्याला धरून ते वळसा घालून आले आणि त्यांनी माझं दार उघडलं.  मला मोकळं वाटायला हवं होतं.

"पाणी घातलं होतंस ना?" त्यांनी विचारलं.

"घातलं होतं," मी म्हटलं.

शुक्रवारी दुपारी भंगारवाल्याचा ट्रक आला. सातवीला दोर बांधला आणि आम्ही दोघं ट्रकच्या केबिनमध्ये बसलो. पोचवायला जायचंच, हा नियम. भंगाराचं आवार गावाबाहेर आहे. तिथल्या मालकाला सगळे दाढी म्हणतात. बाबांच्या चार गाड्या त्याने आजवर पोटात घातल्या आहेत. गाड्यांच्या रांगेतून तो पुढे आला, बाबांना नमस्कार केला, आणि बॉनेट उघडून आत वाकला.

"काका, पाण्याची टाकी कोरडी ठणठणीत आहे," दाढी म्हणाला. "दोन दिवस तरी थेंब पडलेला नाही. पाणी कोण बघायचं?"

मी जमिनीकडे बघितलं. तेल सांडून सांडून तिथली माती काळी झाली होती.

"मीच," बाबा म्हणाले. "विसरलो. वय झालं."

बाबा सहा वर्षांत एकदाही त्या टाकीत पाणी घालायला गेले नव्हते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते दाढीकडे तोंड करून उभे होते, पट्टी बांधलेला हात पाठीमागे धरून. मला भयंकर राग आला. आता मी कुठल्या तोंडाने जाणार होते? ते ओरडले असते, रुसले असते, तर निदान भांडून निघता आलं असतं.

गाडी वजनकाट्यावर न्यायची होती. दोन कामगार मागून ढकलायला लागले आणि स्टिअरिंग धरायला दाढी स्वतः चालकाच्या जागेवर बसला, दार ओढून घेतलं. सातवी करकरत काट्यावर चढली. दाढीने हँडब्रेक ओढला. मग त्याने आतलं हँडल ओढलं, दार उघडलं, आणि खाली उतरून पँटवर हात पुसले.

मी एकदम म्हटलं, "ते दार आतून उघडत नाही."

"उघडलं की," दाढी म्हणाला आणि कागद आणायला खोलीत गेला.

मी गाडीपाशी गेले. आत बसले, दार लावलं, हँडल ओढलं. उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा ओढलं. कामगार मला बघत होते, बघू दे. पाच-सहा वेळा तरी मी ते केलं असेल.

"कधी दुरुस्त केलंत?" मी विचारलं.

बाबा जवळ आले. नेहमीप्रमाणे बॉनेटला हात टेकत. "तू तापाने पडली होतीस ना, त्या आठवड्यात. एक तार निसटली होती फक्त. अर्ध्या तासाचं काम."

"म्हणजे तीन वर्षं झाली."

"असतील."

"सांगितलं का नाहीत?"

"सांगणार होतो. म्हटलं तुला कळेलच. तू ओढून पाहशील." ते दाराशी वाकले. "तू कधी ओढूनच पाहिलं नाहीस, ठकू."

"तुम्हीच सांगितलं होतं हात लावायचा नाही म्हणून."

"हो. सांगितलं होतं." त्यांनी दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला. "मग मला वाटलं, राहू दे. दिवसातून दोनदा का होईना, मी कुणाला तरी बाहेर काढत होतो."

 तीन वर्षं मी रोज दोनदा किल्ली काढून हात मांडीवर ठेवत होते आणि तीन वर्षं माझ्या कोपरापाशी ते हँडल चालू होतं. आणि मी त्यांची गाडी मारली होती, आणि त्यांना ते माहीत होतं, आणि त्यांनी ते स्वतःवर घेतलं होतं.  मी गाडीतून उतरले आणि घड्याळ पाहिलं. पावणेचार.

"आता घरी कसं जायचं?" मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"त्याचं केलंय," बाबा म्हणाले.

आठवी आवाराच्या फाटकाजवळ उभी होती. राखाडी, एका बाजूने चेपलेली. बाबांनी सकाळी फोनवरच दाढीशी ठरवून टाकलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांनी मला थांबवलं.

"आधी ऐक. तुझ्या बाजूचं दार आतून उघडतं. दाढीला दोनदा बघायला लावलं. माझ्या बाजूचं उघडत नाही, ते असू दे."

मी गाडी चालवली. एवढंच मला येतं.  आठवी तिसऱ्या गियरला कुरकुरत होती, आणि माझ्या मनाने तिची नोंद करायला सुरुवातही केली होती: तिसऱ्याला हलका हात, उजवा आरसा सैल. स्वतःच्या मनाचा मला वीट आला. एक वर्ष, दोन वर्षं, ही संपली की. गल्लीत वळलो तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. मी गाडी लावली, किल्ली काढली, आणि माझे हात आपोआप मांडीवर आले.

बाबा समोर बघत बसले होते. त्यांचेही हात मांडीवर होते.

मी हँडल ओढलं आणि उतरले. मला बॉनेटला वळसा घालून त्यांच्या बाजूला जायचं होतं. अर्ध्यात थांबले. एकदा ते दार उघडून त्यांचा हात धरला, जिना चढवला, चहा ठेवला, की पाच वाजून जाणार आणि मी म्हणणार, बघू आता, ही संपली की. मला ते अगदी स्पष्ट दिसलं. मी बॉनेटसमोर उभी राहिले आणि फोन काढला.

"बोला," मॅडम म्हणाल्या.

"मी येते," मी म्हटलं. "एक तारखेपासून."

त्या पुढे काहीतरी बोलत होत्या, खोल्यांचं, सामानाचं. मी हो हो म्हणत होते आणि काचेतून बाबांकडे बघत होते. काचा बंद होत्या. ते हलले नाहीत. अडकलेल्या माणसाने कसं बसावं ते छत्तीस वर्षं लोकांना शिकवलेलं, तसेच बसले होते.

फोन ठेवून मी त्यांच्या दाराशी गेले. हात पुढे केला आणि मागे घेतला.

"बाबा, ओढून बघा," मी काचेशी वाकून म्हटलं.

त्यांनी मान हलवली. नाही उघडत.

"एकदा ओढून तरी बघा."

बाबांनी चाचपून हँडल शोधलं. पट्टी बांधलेल्या हाताने ओढलं. पुन्हा ओढलं, जोर लावून, खांदा दाराला टेकवून. हँडल नुसतंच हलत राहिलं. या वेळी दार खरंच उघडत नव्हतं. त्यांनी माझ्या दिशेने बघितलं, त्यांना मी नीट दिसत नव्हते, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर आत अडकलेल्या माणसाची भीती दिसली.

मी दार उघडलं. त्यांनी माझा दंड धरला आणि ते उतरले, थोडा वेळ गाडीला टेकून उभे राहिले. मी हो म्हटलंय हे मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. बाबा मागे वळले, दाराच्या आतल्या बाजूला बोटं घालून चाचपू लागले.

"इथलीही तारच निसटलीय," ते म्हणाले. "एक तारखेच्या आत बसवून ठेवतो. गाडी तू घेऊन जा. तिकडे तुझ्या शेजारी कुणी बसलं तर उगीच अडकायला नको."

मग कठड्याला धरून ते एकटेच जिना चढायला लागले.